फिती गॅरेथला नेऊ देऊ नयेत

लुब्लिन, ९ नोव्हेंबर २०१९

चार महिने या वहीत अक्षर लिहिले नाही, क्षमा असावी. गुरुवारी माझ्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आज थेट मृत्युपत्रच लिहिते. मी, बोगुमिला व्येझ्खोन, वय ४६, भाषाशास्त्राची अध्यापिका, डोके अजून माझ्याच ताब्यात असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था करते.

एक. घर, पुस्तके आणि बचत धाकटी बहीण हाल्श्का हिला. यात वादाला जागा नाही.

दोन. दुःख, राग, ओढ यांविषयी पोलिश आणि इंग्लिश बायका कशा बोलतात, ते मी अठरा वर्षे ध्वनिमुद्रित केले. त्या फिती माझ्या संस्थेला मिळू नयेत. संस्था त्या इंग्लंडच्या भाषाशास्त्रज्ञ गॅरेथ पॉम्फ्रेटला देईल, आणि तो प्रत्येक पोलिश शब्दापुढे एकेक इंग्लिश शब्द ठोकून कोश काढील. या विद्वानाची अक्कल इथे नोंदवून ठेवते. शेजारच्या गेनोवेफा मावशींना त्याने विचारले, "कशा आहात?"

"मेले नाही एवढंच! कंबर गेली, नवरा घोरतो, सरकार चोर," मावशी म्हणाल्या आणि हसत त्याच्या ताटलीत चीजकेकचा दुसरा तुकडा वाढला.

आमच्याकडे "मस्त" म्हणणारा एक तर बढाईखोर, नाही तर प्यायलेला. गॅरेथने मावशींच्या नावापुढे लिहिले: तीव्र खिन्नता. इंग्लंडातल्या लीड्सच्या एका बाईचा नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता; त्याच प्रश्नाला ती म्हणाली, "छान आहे, धन्यवाद." तिला त्याने समाधानी ठरवले.

मी म्हटले, "अहो, मावशी गप्पा मारत होत्या!"

"मी तक्रारीचे शब्द मोजलेत. आकडे खोटं बोलत नाहीत, बोगुमिला."

"कशाला बोलतील? त्यांना कुठे पाहुणचार करायचा असतो!"

तीन. फिती हाल्श्काला. काल ती म्हणाली, "ताई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच देते. तू निदान कोश तरी काढणार नाहीस."

"आणि तळघरात काकड्यांच्या बरण्यांमागे ठेवलेल्या फितींना बुरशी धरली तर?"

एका माणसाच्या तिरस्कारापायी मी इतक्या बायकांचे आवाज कुजवायला निघाले आहे का? बहुधा हो. तेव्हा कलम बदलते: फिती कोणीही ऐकाव्यात, गॅरेथनेसुद्धा. मात्र घरातच. हाल्श्काने शेजारी बसावे आणि कोण कुठे हसते आहे, ते त्याला सांगावे.

हस्तलिखित मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाही. मावशींनी तरीही हट्टाने सही केली. म्हणाल्या, "मेलीस तर बघ, बोलणार नाही तुझ्याशी."

साक्षीदार: गेनोवेफा प्शिबिश
सही: बोगुमिला व्येझ्खोन

उद्याचे काम: हाल्श्काला पहिली फीत ऐकवणे.