तिच्या दारात कोणी येत नाही

बाई, कादंबरी पुन्हा परत आली. व्यक्तिरेखा जिवंत आहे, परंतु संघर्षाचा अभाव जाणवतो, असे प्रकाशकांनी कळवले आहे. पंचवटीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्हीही हेच म्हणाला होतात. फक्त तुम्ही ते हसत म्हणाला होतात.

रविवारची दुपार आहे. मी, मॅट्रिकला शाळेत पहिली आलेली आणि वर्गात कधी तोंड न उघडलेली तुमची विद्यार्थिनी, पाटावर बसून पहिले प्रकरण वाचते आहे. त्यातली प्रौढ शिक्षिका एकटी राहते, आणि कुणी आले तर असावा म्हणून रोज एक कप चहा जास्त टाकते. तुम्हीही स्टोव्हवर आधण ठेवताना आपल्या दोघींसाठी तीन कप पाणी घेता.

"साखर कमी घालते म्हणे ही," तुम्ही म्हणता. "खोटं आहे ते. मी चांगली दोन चमचे घालते."

माझी मान वर होत नाही.

"चहा जास्त टाकते ना, मग कुणीतरी येऊ दे गं तिच्याकडे. भांडायला का होईना. बाहेरून काही आल्याशिवाय माणूस आतून कसा आहे, ते कळायचं कसं?"

मला कोणी माणूस सुचेना, म्हणून पुढच्या खेपेला मी पूर आणला. गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढवले, तिच्या घराच्या पायऱ्या बुडवल्या. तुम्ही सगळे शांतपणे ऐकलेत आणि गार झालेला तिसरा कप आपल्या दोघींत वाटलात.

"पाणी ओसरलं आणि ही पुन्हा चहाच टाकते आहे. मग एवढी नदी कशाला दमवलीस? विचार करून पुढच्या रविवारी सांग."

पुढच्या रविवारी तुमच्या दाराला कुलूप होते. मधल्या आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात, असे शेजारच्या काकूंनी सांगितले. तुमच्याकडेही बाहेरून काहीच आले नव्हते.

उत्तर मला फार उशिरा सुचले. तिचा सगळा झगडा न येणाऱ्या माणसाशी आहे. आणि जो येतच नाही त्याला पानावर कसे उभे करायचे, हे मला अजून साधलेले नाही. आता साधेल असेही वाटत नाही. पूर मी काढून टाकला आहे. निफाडच्या शाळेत शिकवून खोलीवर परतले की शेवटचे प्रकरण पुन्हा लिहायला घेते. हे पत्रही त्याच कागदांत राहील.

दारावर थाप पडली, असे मी कधीकधी लिहिते आणि लगेच खोडते. बाई, खोडल्यानंतरही मी थोडा वेळ दाराकडे बघत राहते.