आबांच्या बांधाची तहकुबी

५ जानेवारी १९३१
निकाल विरुद्ध गेला. मुन्सफ म्हणाले, खाडीकडचा बांध पाडा नि अण्णाच्या होडीला वाट द्या. मुदत आठ दिवस. न पाडल्यास बेलीफ माणसं घेऊन येणार. अण्णा माझा सख्खा चुलतभाऊ. कोर्टाच्या पायरीवर म्हणतो, एकाच टांग्यातून जाऊ. मी दुसरा केला.

बांध आबांनी घातला, स्वतः चिखलात उभं राहून. जमीन माझ्या नावे केली, मी मुलगी असून. ती खारी होऊ देणार नाही.

६ जाने.
वकिलांकडे. अपील जिल्हा कोर्टात होईल, पण ते चालायला वर्ष जाईल. तोवर हुकूमनाम्याची बजावणी काही आपोआप थांबत नाही. तहकुबी वेगळी मागावी लागते. म्हणाले, आधी बांध पडला आणि मग अपील जिंकलात, तर जिंकलात काय? हे मला शिकवायला नको होतं. अर्जाचा मजकूर मीच लिहिते म्हटलं. मराठी फायनल उगीच नाही पास झाले.

९ जाने.
अर्ज दाखल. मजकूर झकास उतरला. 'महापूर येऊन शेताची अपरिमित हानी होईल.' आधी 'उधाण' लिहिलं होतं, खोडलं. कोर्टात गावठी शब्द बरा दिसत नाही. वकील मूळचे साताऱ्याकडचे, त्यांनी वाचून मान डोलावली. जामीन म्हणून वरची कलमांची बाग लिहून दिली.

यांचं मुंबईहून पत्र. तडजोड कर, भाऊ आहे तुझा. उत्तर लिहिलं, भाऊ आहे म्हणूनच. तेवढंच टाकलं.

१२ जाने.
सुनावणी. मान खाली जायची वेळ आली होती. अण्णाचे वकील उठले. महापूर आषाढ-श्रावणात येतो, आत्ता पौष चाललाय. शेत रिकामं, भात कधीच कापून झालं. मग तहकुबीची घाई कसली? जज्जसाहेबांनी आमच्या वकिलांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. शब्द माझाच. शहाणपणा नडला. पण गप्प बसले असते तर बांध गेलाच होता. उभी राहिले. साहेबांनी बोलू दिलं.

"साहेब, महापूर चुकीचं लिहिलं. उधाण म्हणायचं होतं. अमावास्येला नि पुनवेला खाडी फुगते, तिला पाऊस लागत नाही. पीक नाही, पण जमीन आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन पावसाळे तिथे भात होत नाही."

पुढचं उधाण कधी, साहेबांनी विचारलं. म्हटलं, येत्या रविवारी, अमावास्येला. अण्णाच्या वकिलांनी अण्णाला हळूच विचारलं, हे खरं का. तो हो म्हणाला. एवढं मात्र त्याचं लिहून ठेवते.

तहकुबी मिळाली! अपिलाच्या निकालापर्यंत. बांध 'जैसे थे' राहावा, दोन्ही पक्षांनी त्याला हात लावू नये. येताना टांगेवाल्याला सगळी हकिगत सांगितली. बिचारा नुसता हं हं करत होता. आबा असते तर

१४ जाने.
संक्रांत. वहिनीने, म्हणजे अण्णाच्या बायकोने, तिळगूळ धाडला. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून नारळाच्या वड्या घातल्या. वड्या माझ्याच चांगल्या होतात, हे तिलाही ठाऊक आहे.

१८ जाने., अमावास्या
दुपारच्या भरतीला बांधावर गेले. पाणी पार वरपर्यंत आलेलं, बांध ताठ. मग आतल्या बाजूने पाहिलं तर खेकड्यांनी बीळ पाडलेलं. मनगटाएवढी धार, सरळ शेतात. चिखलाचा गोळा उचलला नि हात तसाच राहिला. जैसे थे. दोन्ही पक्षांनी. हुकूम मी भांडून मिळवलेला, आणि तो मलाच आडवा आला. मोडला तर तहकुबी जायची. न मोडला तर जमीन. रविवार, कोर्ट बंद, नि असं बीळ ओहोटीपर्यंत भगदाड होतं.

खाडीत होडी होती, होडीत अण्णा. त्याने धार पाहिली. मी पाहिली हेही पाहिलं. लपूनछपून करणं आमच्या घरात नाही. हाक मारली.

"अण्णा, मी भोक बुजवत्ये. नीट बघून ठेव नि कोर्टात काय ते सांग."

त्याने वल्हं आडवं धरलं, म्हणाला, "नुसती माती नाही राहायची गो यमू. आधी पेंढा कोंब. आबा तसंच करायचे."

उडवीतला पेंढा ओढून आणला, कोंबला, वर माती थापली. धार थांबली. मान वर केली तेव्हा होडी शहराच्या बाजूला निघाली होती. तिकडे बाजार आहे, तिकडेच त्याचे वकीलही राहतात.

उद्या काय येईल ते येवो. विचारलं तर सांगेन, हो, मीच बुजवलं. हात अजून धुतलेले नाहीत.