डाव्या चाकाचे उलटे आटे

लिहून ठेवणार : ग्यानोबा किशनराव बेंबडे, वय वर्षे ६९, सेवानिवृत्त शिक्षक, मूळ राहणार चाकूर, हल्ली मुक्काम लातूर.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझी अक्कल ठिकाणावर आहे, एक डोळा शाबूत आहे, आणि कोणी धाक घातला म्हणून मी हे लिहीत नाही. धाक असलाच तर छातीतल्या दोन स्प्रिंगांचा आहे. त्या बसवणाऱ्या डॉक्टरांना मी विचारले, गॅरंटी किती वर्षांची? ते नुसतेच हसले. तेव्हा म्हटले, आता उशीर नको. सन २०११ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण खरे पुरते लिहिलेले नव्हते.

कलम १. लातूर येथील राहते घर, मागच्या अंगणासह, माझी पत्नी सौ. उज्वला हिच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. तिने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, कोणी तिला विचारू नये. शाळेला सुट्टी असली की मी सकाळी सहाला अंगणातल्या माझ्या जुन्या ट्रकखाली शिरत असे. तीस वर्षे ही बाई रविवारी माझ्या पायांशीच बोलली, कारण बाकीचा मी गाडीखाली असे. चहा ती मडगार्डवर ठेवायची आणि तो मी थंड करून प्यायचो. तिने याबद्दल कधी भांडण काढले नाही. काढायला हवे होते.

कलम २. बँकेतील ठेवी आणि क्लासमधील माझा हिस्सा माझा मुलगा चि. आलोक यास द्यावा. क्लास त्यानेच वाढवला. भूकंपानंतर दोन वर्षांनी मी अंगणातल्या पत्र्याखाली अकरा पोरांना घेऊन शिकवणी सुरू केली, तेव्हा फळा ट्रकच्या फाळक्याला टांगलेला होता. पुढे लातूरचे नाव झाले, आणि भोकर, धर्माबादकडचे आईबाप पोरांच्या ट्रंका घेऊन दारात उभे राहू लागले. बारावीचे भौतिकशास्त्र म्हणजे बेंबडे सर, असे लोक म्हणू लागले. मी ते ऐकून घेत असे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे का असतात, हा प्रश्न मी दरवर्षी पोरांना घालायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. ते उत्तर देताना माझी जीभ कधी अडखळली नाही, याची मला आज लाज वाटते.

कलम ३. चाकूरच्या शिवारातील माझ्या हिश्श्याची जमीन माझा कै. भाऊ बजरंग याची मुलगी देविका हिला द्यावी. हा उपकार नव्हे. का नव्हे, ते कलम ५ वाचल्यावर तिला कळेल.

कलम ४. हत्यारांची पेटी, दोन जॅक, पाने, टॉम्या, सगळे आलोकने सांभाळावे. त्याला ती नको आहेत हे मला ठाऊक आहे. पेटीत एकोणीस-वीसच्या पान्याची जागा रिकामी दिसेल. तो पाना शेजारचे हणमंतराव यांनी १९९८ साली पाच मिनिटांसाठी नेला. ती पाच मिनिटे अजून संपायची आहेत. सबब, ती रिकामी जागा मी हणमंतरावांना देतो. पाना त्यांच्याकडे आहेच.

कलम ५. अंगणात उभा असलेला लांब नाकाचा फार्गो ट्रक मी १९८६ साली भंगाराच्या भावात घेतला. आलोक त्याला भंगारच म्हणतो. त्याला तिथे हॉस्टेल बांधायचे आहे, खुशाल बांधावे. हा ट्रक मी महादेवप्पा शिवलिंगप्पा हालकुडे, मिस्त्री, यांना देतो. त्यांनी नाकारल्यास लातूरच्या आयटीआयला पोरांना शिकायला द्यावा. तो त्यांना का देतो, ते इथे लिहितो. आजवर हे मी कोणालाही सांगितलेले नाही, उज्वलालाही नाही.

महादेवप्पा निलंग्याकडचे. मोटर स्टँडमागे त्यांचे लहानसे गॅरेज होते. दर रविवारी कपाळाला भस्म लावून ते माझ्या अंगणात यायचे. मी पुस्तकातला माणूस, ते हातातले. इंजिन कानाने कसे ऐकावे, हे मला त्यांनी शिकवले. या जुन्या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे होते. म्हणजे नट उजवीकडे फिरवला की सुटायचा, डावीकडे फिरवला की आवळायचा. चाक धावताना नट आपोआप सैल पडू नये म्हणून बनवणाऱ्यांनी ती सोय केलेली होती. १९९३ च्या पावसाळ्यात मी नट सोडवायला सवयीने डावीकडे फिरवला आणि जोर लावून दोन स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतो ते बोल्ट, मोडले. मिस्त्री हसले. "सर, पोरायला शिकवता लई, पर नटाला बी इचारावं की जरा!"

त्या हसण्यात काही वाईट नव्हते. पण मला झोंबले. मी ठरवले की ही उलटी पद्धतच काढून टाकायची. गाडीत सुधारणा करायची मला भारी हौस होती.

रविवारी, २६ सप्टेंबरला, मिस्त्रींनी मोडलेले स्टड बदलले, सगळी चाके बसवली आणि आपल्या हाताने आवळली. हे सगळ्या गल्लीने पाहिले. बुधवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी होती. मिस्त्री नव्हते. दुसऱ्या गाडीचे जुने सुलटे स्टड मी आणून ठेवले होते. ते मी पुढचे डावे चाक ज्यावर बसते त्या हबमध्ये ठोकून बसवले. नट नवे होते. त्यांचे बूड रिंगच्या खाचेत नीट बसत नव्हते, कागद सरकेल एवढी फट राहत होती. ती मला दिसली. चौकात मिरवणुकीचे ढोल वाजत होते, उज्वला आरतीला हाका मारत होती. मी म्हटले, येत्या रविवारी बघू.

रविवार यायच्या आत गुरुवार आला. पहाटे जमीन हलली. सकाळी किल्लारीकडची बातमी आली आणि गल्लीने तासाभरात भाकरी, ताडपत्र्या, पाण्याची पिंपे गोळा केली. गाडी कोणाची? सरांची. चालवणार कोण? बजरंग. माझा धाकटा भाऊ आदल्या दिवशी गणपती बुडवायला म्हणून चाकूरहून आला होता. ती फट मला त्या वेळी आठवली का? आठवली. पण तिकडे माणसे ढिगाऱ्याखाली होती. "थांबा, मी काल चाकाशी खेळ केलाय," असे पंचवीस लोकांपुढे म्हणायला मला जमले नाही. पाच मिनिटांचे काम होते. मी बजरंगला एवढेच म्हणालो, सावकाश जा.

औशाच्या पुढे चाक निखळले. गाडी खड्ड्यात गेली आणि बजरंगचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. दुसऱ्या दिवशी मी एकटा तिथे गेलो, हब उतरवला आणि पोत्यात घालून घरी आणला. हजारो माणसे दगावलेल्या जिल्ह्यात एका चाकाचा पंचनामा कोण करणार? ते पोते आजही माळ्यावर आहे.

दवाखान्यात बजरंग ओरडत होता, "त्या मिस्त्रीनं नट ढिले सोडले, त्याला बोलवा हितं!" मिस्त्री आपण होऊन आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "म्या आवळले व्हते, सर." सगळे माझ्याकडे बघू लागले. मग मिस्त्रीच म्हणाले, "आवळले व्हते असं मला वाटतंय."

मी तेव्हा बोलायला हवे होते. मी बोललोही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहा-बारा माणसांसमोर म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. चूक माणसाकडूनच होते. मी तुम्हाला माफ केलं."

लोकांनी माझ्या मोठ्या मनाचे कौतुक केले. शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रींनी उलट शिव्या दिल्या असत्या, भांडले असते, हब दाखवा म्हणाले असते. माफ केलेल्या माणसाने काय म्हणावे? मोटर स्टँडवर "सरांनी माफ केलेला मिस्त्री" हेच त्यांचे नाव पडले. चाकाचे काम कोणी त्यांच्याकडे देईना. वर्षभरात गॅरेज बंद करून ते नांदेडला गेले. तिथे क्लासच्या पोरांच्या एका हॉस्टेलवर ते वॉचमन आहेत, असे मला फार वर्षांपूर्वीच कळले होते. लातूर ते नांदेड अशी कितीशी वाट आहे? मी गेलो नाही. बजरंग तेवीस वर्षे कुबडीवर चालला आणि मिस्त्रीला शिव्या घालतच वारला. मी देविकाची फी भरली की तो म्हणायचा, "दादा, तू हाय म्हून चाललंय." तेही मी ऐकून घेतले.

ट्रक मी पुन्हा उभा केला. दर रविवारी काही ना काही केले. डावीकडे पुन्हा उलटे आटे बसवले, रंग दिला, इंजिन गाते आहे. पण सव्वीस वर्षांत तो फाटकाबाहेर काढला नाही.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या दसऱ्याला, मोटर स्टँडमागे गाड्यांची पूजा होते तेव्हा, सर्व मिस्त्री मंडळींसमोर कलम ५ मोठ्याने वाचून दाखवावे. आलोकने वाचावे. घसा खाकरू नये, काही गाळू नये.

पुरवणी. वरील मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून देण्यासाठी मी माझे सहशिक्षक श्रीपाद कुरुळेकर यांच्याकडे दिला. त्यांनी कलम ६ शी लेखणी थांबवली. म्हणाले, "ग्यानोबा, मेल्यावर कबूल करायला काय जातंय तुझं? अन् मिस्त्री तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तूच आधी मरशील कशावरून?" सबब कलम ६ रद्द. त्या रात्री मी उज्वलाला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आधी नांदेडला जा. घरचं मागून बघू."

आज रविवारी श्रीपाद आणि मी नांदेडला आलो. मिस्त्री हॉस्टेलच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखले आणि उठून उभे राहिले, हे मला सहन झाले नाही. मी तिथेच कलम ५ वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग विचारले,

"म्हंजे सर, ऐतवारी म्या आवळलेलं बरुबर व्हतं?"

"बरोबर होतं, मिस्त्री."

"समदी चाकं?"

"सगळी."

ते खाली बसले. म्हणाले, "आमची कोंडाबाई म्हणायची, तुमच्या हातून असं व्हनार न्हाई. म्या तिलाच गप केलं. म्हनलं, माझ्याच हातानं झालंय, तू नगं सांगू. ती बी गेली चार सालामागं."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी धरू दिले नाहीत. गाडीही नको म्हणाले, ती आता आयटीआयला जाईल. दसऱ्याला लातूरला येईन म्हणाले, आणि वाचायचे ते मी स्वतः वाचायचे, असे ठरले आहे. मी माफी मागितली तेव्हा मात्र त्यांनी हाताने थांबवले.

"मागू नगा, सर. देयाचं का न्हाई ते मला अजून ठावं न्हाई. पर त्या दिशी दवाखान्यात तुमी मला दिली व्हती न्हवं, तेवढी वापस घ्या."

सबब, दिनांक १ ऑक्टोबर १९९३ रोजी लातूर येथे दहा-बारा माणसांसमोर महादेवप्पा शिवलिंगप्पा हालकुडे यांना मी दिलेली माफी या लेखाने परत घेत आहे. ती देण्याचा मला कधीही अधिकार नव्हता.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण : नांदेड
दिनांक : ६ ऑक्टोबर २०१९

(सही) ग्यानोबा किशनराव बेंबडे

साक्षीदार :
१. (सही) श्रीपाद दत्तात्रय कुरुळेकर, सेवानिवृत्त शिक्षक, रा. लातूर
२. (सही) महादेवप्पा शिवलिंगप्पा हालकुडे, मिस्त्री, रा. नांदेड