मिरचीचं भजं आणि वालूरचे धोंडे

१९ जुलै १९५८, पिंगळी
धोंड्याचा महिना लागला, तरी सासरवाडीचं बोलावणं नाही. कमल आखितीपासून माहेरी वालूरला जाऊन बसली आहे. कारण काय, तर तिनं केलेली मिरचीची भजी मी ताटासकट भिंतीवर मारली. भिंतीवर! तिला नव्हे! हा फरक त्या घरात एकाच्याही टकुऱ्यात शिरत नाही.
आजपासून राग बंद. कमलला घेऊनच यायचं. धोंड्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याच्यावर हात टाकायची सुग्रीवची बिशाद नाही. सुग्रीव म्हणजे मेहुणा. तालमीत जातो. जाऊ द्या.

२३ जुलै, स्टेशन
रागावर कंट्रोल ठेवायची प्रॅक्टिस म्हणून स्टेशनवर भजं खायला गेलो. पिंगळीची तऱ्हा न्यारी. लांब मिरची, बी काढलेलं, पावात दाबून वर कांदा. फर्स्ट क्लास. शेजारचा एक परभणीकर म्हणाला, भज्याला पाव म्हणजे मढ्याला गादी. मी शांतपणे समजावलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्याचं डोकं बाकड्यावर आपटलं. फक्त दोनदा. राग अजिबात नव्हता.

२ ऑगस्ट, झरी
बोलावणं आलं! सासरे चंद्रभानजी यांचा निरोप : अवसेला या, पुरणाचे धोंडे खाऊन जा. अवस पंधरा ऑगस्टला.
खुशीत झरीला सटवाजीच्या हॉटेलात गेलो. हितं मिरची चिरून आत तीळ, चिंच, गूळ भरतात. लय नामी. पण चिंच जरा जास्त, ते मी त्याच्या भल्यासाठीच सांगितलं. सटवाजीनं गरम झारा कपाळावर हाणला. मी बाकडं उचलून त्याच्या पायावर टाकलं. त्याच्या भावानं मला मोरीत लोळवलं.
सासरी सांगायचं, बैलानं ढुसणी दिली.

१४ ऑगस्ट, वालूर
काय ती इज्जत! सासूबाई धुरपताबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं. नवं धोतर. बैलाची हकीकत ऐकून सासरे म्हणाले, बैल शहाणा दिसतोय. कौतुकच केलं म्हणायचं.
सुग्रीव समोर बसून बोटं मोडायलाय. मी हसून बघितलं. मोड बाबा, उद्या अवस आहे, तोवर मी देव.
कमलच्या हातची भजी उद्या पानात पाहिजेत, असं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. आत भांडं आदळलं. लाजली.
उद्या जेवण, तारीफ, आणि संध्याकाळच्या गाडीनं जोडीनं पिंगळी. प्लॅन पक्का.

१५ ऑगस्ट, सकाळ
झेंडावंदनाला पोरं ओरडत गेली, त्यानं झोपमोड झाली. परत झोपलो. सासूबाई तीनदा उठवून गेल्या, पानं लवकर वाढायची म्हणत होत्या. देवाला कसली घाई?

१५ ऑगस्ट, दुपार, वेशीबाहेर
डाव्या हातानं लिहितोय. उजव्याची बोटं सुजली.
धोंडे उत्तम होते. मग कमलची भजी आली. ज्वारीच्या पिठाचं आवरण, आत लसूण आणि शेंगदाण्याचा कूट. खरं सांगायचं तर चांगली होती. पण माणसानं इन्साफानं वागावं. मी इतकंच म्हणालो की झरीच्या भरणाची सर नाही, पिंगळीच्या पावाची सोय नाही, आणि पीठ म्हशीच्या आंबोणासारखं लागतंय. कमल दारातून म्हणाली, मग खाऊ नका. एवढ्यावर ताट उडालं. भिंतीवरच मारलं होतं. सुग्रीव तिथं टेकून बसला होता, ही काय माझी चूक?
त्याच्या मिशीत कूट. मी बजावलं, खबरदार, धोंड्याचा महिना आहे, जावयाला हात लावलास तर सात जन्म नरकात जाशील! सुग्रीव थबकला. बापाकडं बघितलं. चंद्रभानजींनी शांतपणे पंचांग काढलं, चष्मा लावला, आणि म्हणाले की अवस सकाळीच सरली. धोंडा संपला, आता निज श्रावण हाय. कर तुझं काम.
सुग्रीवनं केलं. काल ज्या सासूबाईंनी पाय धुतले, त्यांनी त्याच पायांवर लाटणं चालवलं. सासऱ्यांनी मानेवर गुडघा ठेवला. मी सुग्रीवच्या दंडाला कडकडून चावलो. दंड त्याचा शाबूत आहे, माझे पुढचे दोन दात वालूरला राहिले. पळायला गेलो तर कमलनं दाराला कडी घातली. मी जाऊ नये, असंच वाटत असणार बिचारीला.

२८ ऑगस्ट, पिंगळी
जबडा बांधलेला. आंबील पितोय. भिंतीवर ताट मारणं बंद. पुढं कधी मारलंच तर आधी भिंतीला कोण टेकलंय ते बघायचं.

९ नोव्हेंबर, वालूर, बाजार
कमलला न्यायला आलो. घरी कोणी नाही. बाजारात चूल, कढई, ही गर्दी! कमल भजी तळायलीय, सुग्रीव मिरच्या चिरायलाय. झरीची माणसंसुद्धा रांगेत. मीही लागलो. एकानं मधे घुसताना कोपर मारलं. मी मारलं नाही.
माझी पाळी आली. कमलनं वर बघितलं. विचारलं, किती देऊ.
बोलायचं पाठ करून आलो होतो. म्हणालो, दोन. तिनं पळसाच्या पानावर दिली आणि पुढं सरका म्हणाली. चारचौघांत बाईमाणूस दुसरं काय बोलणार?
लिंबाखाली बसून दाढेनं चावून खाल्ली. झरी नाही, पिंगळी नाही. पहिला नंबर वालूर. हे तिला सांगायला पुन्हा रांगेत उभा राहिलो.
तिनं विचारलं, किती देऊ.