मागं बघणारा पोपट

आई, परवा नवी पेठेत एका दुकानाबाहेर तुझ्या पिशव्या टांगलेल्या दिसल्या आणि मी रस्त्यातच थांबले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि पिशवीच्या कोपऱ्यात तोच हिरवा पोपट, मान वळवून मागं बघणारा. क्षणभर वाटलं, तू आत बसून शिवतेयस. डोकावले तर एक माणूस मोबाईल बघत बसलेला. "घ्या की ताई, लई खपतोय ह्यो पोपट," म्हणाला. मेल्याला तिथंच झोडपावंसं वाटलं.

चिंचोळीच्या कारखान्यातून आलीस की तू स्वयंपाकघरातच मशीन ओढायचीस. भाजी शिजेपर्यंत एक पिशवी व्हायची. मी एकदा म्हणाले, पोपटाची मान चुकलीय. तू धपाटाच घातलास. "चुकली न्हाय. मागं कोण राहिलंय ते बघतोय त्यो." पिशवीवर नाव टाक म्हटलं की हसायचीस. "नाव कशाला गं? बायका पोपट बघून घर हुडकत येत्यात की." बिल तर तू कुणाला कधी दिलंच नाहीस.

आता तोच पोपट पिशव्यांवर, टी-शर्टवर, कपांवर छापून मी विकते. घर त्यावरच चालतं. त्या दुकानाचं सांगायला गेले, तर वकीलबाई चिडल्याच माझ्यावर. "ट्रेडमार्कचा अर्ज चित्र ठरलं की लगेच टाकायचा, माल बाजारात जायच्या आधी. आता तरी थांबू नका. त्यानं आधी टाकला तर आई पहिल्यापासून वापरत होती याचे पुरावे शोधत बसाल." मग त्यांनी माझं चित्र मागितलं. ते पुढं केलं आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. माझा पोपट समोर बघतो, आई. डिझाइनवाल्याला मान वाकडी वाटली, त्यानं सरळ केली, मीही बरं म्हटलं. त्या चोरानं मात्र तुझी जुनी पिशवी समोर ठेवून टाका न् टाका उचललाय.

वकीलबाई म्हणतात, सध्या वापरताय त्याच चित्राचा अर्ज करा, दोन्ही सारखेच दिसतात, त्यालाही थांबवता येईल. म्हणजे माझा धंदा वाचवायला तुझा पोपट मीच बाजारातून उठवायचा. रडू येतं गं.

अर्ज तयार आहे, सही तेवढी राहिलीय. खरं सांगू? आज त्या माणसाशी भांडायला म्हणून गेले होते, आणि त्याच्याकडून एक पिशवी विकत घेऊन आले. घरात तुझी एकही उरली नव्हती.