आजीच्या पायातला काटा

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. वही रोज भरतेय, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की जिलबीचा तो दिवस आठवायचा आणि मी पान उलटायचे.

शांती नगरातलं फरसाणवाल्याचं दुकान. माझं लग्न व्हायचंय अजून. मी ऑफिसातून परततेय, तुम्ही बाकावर पाठमोरे बसलाय, मांडीवर कागद, कागदात जिलबी. चार गिऱ्हाइकांदेखत मी म्हणाले, "स्वतःच्या जिभेने हा डायबिटीस घरात आणलात, आता निस्तरायचं आम्ही." दुकानदार मध्ये पडला, "जाने दो बेन, दो ही टुकडे हैं." तुम्ही रुमालाला हात पुसले. "तुझं खरं आहे. मी आहेच खादाड." घरी येईपर्यंत तुम्ही माझ्या दोन पावलं मागे चालत होतात. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

त्यानंतर मी चहात साखर घातली नाही. रोज सकाळी हाटकेशपर्यंत चालून येते. तरी गेल्या आठवड्यात माझ्या रिपोर्टात साखर निघालीच, सत्तेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अजून कोणाला? म्हटलं, फक्त वडिलांना, पण त्यांना खाण्यामुळे. "नुसत्या खाण्याने होत असता तर तुम्हाला कशाला झाला असता? आजी, आजोबा?" म्हटलं, नाही, आजी पायात काटा रुतल्याचं निमित्त होऊन गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "जखम भरत नव्हती का? घरी विचारा एकदा."

म्हणून काल नवघरला आत्याकडे गेले. ती मेथी निवडत होती.

"काटा लागला होता, ते खोटं नाही," ती म्हणाली. "पण पाय काळा पडत गेला. साखर होती आईला. तुझ्या थोरल्या काकांनाही होती."

"मग आम्हाला कोणी सांगितलं कसं नाही?"

"आधी माझं लग्न व्हायचं होतं, मग तुझं. साखरेच्या घरातली पोरगी कोण करून घेणार? जिलबीचं कळल्यावर मी दादाला म्हटलं, लेक एवढं बोलते, आता तरी सांग. तर म्हणतो, बाप खादाड असला तर पोरीचं लग्न अडत नाही."

"आणि लग्न झाल्यावर?"

"मग तुझे सासरचे म्हणाले असते, लपवलंत. कळलं? आता चहा घे, बिनसाखरेचाच आहे, माझाही."

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, हे एका जीनचं काम नसतं, पुष्कळ असतात, प्रत्येक जण आपला थोडा भार टाकतो. त्यात खाणं, पोटाचा घेर, वय. वारसा आला म्हणून आजार येतोच असं नाही, आणि तुम्ही चालत होतात म्हणून कदाचित उशिरा आला. 'कदाचित' मी वहीत अधोरेखित केलंय. हवी त्याहून जास्त सुटका करून घ्यायची नाही मला. जिलबी तुम्ही खात होतात, आणि ती खायला नको होती, हेही तितकंच खरं. पण रोग तुमच्या जिभेने आणला नव्हता. तो तुमच्या आधीपासून घरात होता. आज दिवसभर अंग हलकं वाटतंय. आजार निघालेल्या माणसाला इतकं बरं वाटावं का, ते कळत नाही, पण वाटतंय.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक कबूल करते. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी, आत्याकडे जायच्या कितीतरी आधी, मी नवऱ्याला म्हणाले होते, "लेकीला इतक्यात काही सांगू नका, तिच्या स्थळाचं बोलणं चाललंय." मला हे कोणी शिकवलं नव्हतं. विचारही करावा लागला नाही.

उद्या: लेकीला उठल्याबरोबर सगळं सांगणे, चहाच्या आधी, म्हणजे उपाशीपोटी तिचंही रक्त तपासायला देऊन येता येईल.