वजीरचा खुराक

देवणी

ती. पंचफुलाअक्कास,

धाकट्या नागूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझी कंबर कशी हाय? दाजींचा खोकला गेला का, का अजून डाळमिलच्या भुशात बसून राहिले? फोनच केला असता, पण फोन ह्यांच्या कोपरीच्या खिशात राहतो, अन् ही गोष्ट ह्यांच्यासमोर बोलायची न्हाई.

आमच्याकडच्या पाण्याचं विचारू नको. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून लोकं हारतुऱ्यांची तयारी करून राहिलेत (होईल तेव्हा होईल, आधी टँकर येऊ दे म्हणावं). मागं टँकरवर भरली घागर उचलायला वाकले, ती वाकलेलीच राहिले. मागच्या बायांनी मला तशीच बाजूला सरकवली अन् आपला नंबर लावला. रामकिशनला कळलं. पोरगं लातूरहून आलं ते ठरवूनच, की आई, तुमचं आता इथं निभत न्हाई, माझ्या फ्लॅटवर चला अन् वळू विकून टाका. आमचा वजीर तेव्हा चारा छावणीत. विकायचं नाव काढल्यावर ह्यांचा घास तोंडातच राहिला. मलाही चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून दिवस काढायचे नव्हते. म्हटलं, अखितीच्या सणापर्यंत थांब, भरली घागर उचलून दाखवली न्हाई तर गाठोडं बांधते.

सून सिंधु दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, वय झालं की बाईच्या अंगावरचं मांस झडतं, चहा-भाकरीवर ते परत येत न्हाई. खुर्चीवरून उठबस करायची, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायच्या (पाणी कुठलं, मी वाळू भरली), अन् मग दुधातून प्रोटीनची पावडर प्यायची. चाकलेटच्या वासाचा डबा दिला. त्याच्यावर एक उघडा गडी दंड फुगवून उभा. घरात नवी वस्तू आली म्हणून मी सवयीनं हळदीकुंकू लावलं, तर शेजारची गुरम्मा मारुती समजून पाया पडून गेली.

वजीर छावणीत गेल्यापासून हे रिकामे. जन्मभर वळू प्रदर्शनाला तयार केले, दुसरं काही येत न्हाई. "खुराकाचं मी बघतो" म्हणून डबा ताब्यात घेतला, अन् अक्का, मलाच प्रदर्शनाला धरलं की गं. सकाळी रानातून चालवायचं, आल्यावर पाठ गोणपाटानं चोळायची, दोरीनं दंडाचं माप घ्यायचं. वर पारावर सांगून आले की मंडळी दमाची हाय, मागचा पुठ्ठा भरू लागलाय. मला गल्लीतून जायची चोरी झाली. गिलास मात्र वेळच्या वेळी हातात.

अखितीला रामकिशन टँकरपाशी येऊन उभा राहिला. मी बसले, घागर मांडीवर घेतली अन् उठले. थेंब सांडला न्हाई. ह्यांनी भर रस्त्यात माझ्या पाठीवर थाप मारली अन् म्हणाले, "शाब्बास, वजीर." पोरगं फ्लॅटचं नाव न काढता लातूरला गेलं. सिंधु तिच्या पावडरीचं कौतुक दवाखानाभर सांगून राहिली.

लहानथोरांना माझा आठव सांग.

तुझी,
नागू

ता. क. तुला म्हणून सांगते. सुरुवातीचे दिवस सोडले तर गिलासात चाकलेटची चव नव्हतीच. भाजल्या हरभऱ्याची लागायची. मी गुमान पीत होते. एकदा हे दिवसभर वजीरपाशी बसले म्हणून ह्यांची भाकर घेऊन छावणीवर गेले, तर बाकीच्या जनावरांच्या बरगड्या दिसायल्या अन् आमचा वजीर तुकतुकीत. जवळ गेले तर तोंडाला चाकलेटचा वास. माझा डबा वळू खात होता अन् वळूची हरभऱ्याची चुनी, तुमच्याच मिलमधला डाळीचा चुरा, गूळ घालून मी पीत होते. तेव्हा घागर चुनीनं उचलली, पावडरीनं न्हाई. सिंधुला कळू देऊ नको.

आणखी एक. चुनी आता संपत आली. दाजींच्या मिलमधून एक पोतं देगलूरच्या गाडीत टाक. ह्यांना वाटू दे, वजीरसाठी पाठवलंय. मला कळलंय हे ह्यांना कळलं तर लाजून गिलास बंद करतील. खरं सांगू का, चुनी मी माझी मी दळून खाईन. पण हे गिलास ढवळून देतात, संपेपर्यंत समोर बसतात, अन् विचारतात, "पोट भरलं का?" उभ्या संसारात हे विचारणं वळूंच्याच वाट्याला होतं. पोतं मोठं पाठव.